पेटी धड, रोपं सडलेली: जुळे सोलापूर ते चिपळूण, एका पार्सलची तपासणी

सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या एका वहिनींनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिपळूणला दहा सकुलंटचं, म्हणजे पाणी साठवून ठेवणाऱ्या मांसल झाडांचं, पार्सल पाठवलं. चार एचेव्हेरिया, तीन हावर्थिया, एक ग्रॅप्टोपेटॅलम, एक लोंबता सेडम आणि एक वाटोळा जिम्नोकॅलिशियम निवडुंग. कुंडी नाही, माती नाही, नुसती रोपं, बहुतेक मुळांसकट. धंद्यातल्या भाषेत 'बेअर रूट'. पार्सल पाचव्या दिवशी पोचलं. पेटीला ओरखडा नव्हता, टेप जशीच्या तशी होती, आणि आत दहापैकी सहा रोपं सडलेली. चिपळूणच्या ताई समजूतदार. त्यांनी आरडाओरडा न करता पेटी उघडतानाचे फोटो आणि व्हिडिओ पाठवला आणि पैसे परत नकोत, रोपंच पाठवा, असं कळवलं.

वहिनींचा संशय सरळ कुरिअरवर. पेटी कुठेतरी पावसात पडली असणार, नाहीतर बंद गाडीत तापली असणार. तसं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं, कारण गाडीत काय होतं त्यावर आपला काही ताबा नाही. पण मीही गच्चीवरची रोपं बाहेरगावी पाठवतो, आणि फोटो बघताना मला पेटीपेक्षा पेटीतली मेलेली आणि जगलेली रोपं जास्त बोलकी वाटली.

फोटोंनी काय सांगितलं

सकुलंट प्रवासात तीन तऱ्हांनी बिघडतं आणि तिन्हींची खूण वेगळी असते. आपटून किंवा दबून इजा झाली की पानाची कड पाणावते, काचेसारखी आरपार दिसते, किंवा पान देठापासून सुटतं. तहानेनं बिघडलं तर खालची पानं सुरकुततात, मऊ पडतात, पण रंग आणि मधला गाभा शाबूत राहतो. सड मात्र खालून सुरू होते: बुडखा काळा, खोड बोटानं दाबलं तर पिचपिचीत, वास घाण, आणि रोप उचललं की मधला तुरा हातात येतो.

चारही एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटॅलम आणि एक हावर्थिया खालून काळी पडलेली होती. पानं बहुतेक अखंड. म्हणजे आपटून गेलेलं एकही नव्हतं, तहानेनं गेलेलंही नव्हतं.

आता उरलेली चार बघा. निवडुंग ठणठणीत. दोन हावर्थिया ठणठणीत. सेडमची अर्धी पानं गळलेली, पण दांडा हिरवागार. वहिनींना मी फोनवर एवढंच विचारलं, की या चारांना गुंडाळताना तुम्ही काय वेगळं केलं होतं. थोडं आठवून त्या म्हणाल्या, निवडुंगाचे काटे प्लास्टिक फाडत होते म्हणून त्याला नुसतं वर्तमानपत्र गुंडाळलं. त्या दोन हावर्थिया म्हणजे मदर प्लांटपासून काढलेली पिल्लं, त्यांना मुळंच नावापुरती, म्हणून त्यांना फडकं लावलं नाही. सेडम ही तर कापलेली फांदी, तिला कागदात सैल ठेवलं.

"आणि बाकीच्या सहांना?"

"मुळं धुतली, टॉवेलचं ओलं कटिंग गुंडाळलं, वरून क्लिंग फिल्म. तहान लागणार नाही का वो त्यांना? पाच दिवसांचा प्रवास!"

पेटी एकच, रस्ता एकच, ऊन-पाऊस सगळ्यांना सारखा. ज्या सहांना ओलं फडकं आणि प्लास्टिक मिळालं ती सहाच्या सहा गेली, ज्या चारांना मिळालं नाही ती चारही राहिली. कुरिअरवाला यातून सुटतो.

ओल टिकवण्याची सवय कुठून आली

वहिनींचं माहेर सांगोल्याकडचं, घरी डाळिंबाची बाग. डाळिंबाची गुटी बांधताना फांदीची साल काढून त्यावर ओलं मॉस बांधतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळतात. ओल गेली तर मुळ्या फुटत नाहीत. गुलाबाची उघडी मुळं पाठवतानाही ती ओलीच ठेवायची असतात, सुकली की रोप गेलं. म्हणजे त्यांनी केलं ते अज्ञानानं केलेलं नव्हतं, लहानपणापासून बघितलेलं आणि त्या झाडांसाठी अगदी बरोबर असलेलं काम होतं. फक्त झाड चुकलं.

एचेव्हेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोची, हावर्थिया दक्षिण आफ्रिकेकडची. तिथल्या कोरड्या महिन्यांत त्यांची केसासारखी बारीक मुळं अशीही मरतात आणि पाऊस आला की नवी फुटतात. पाणी मुख्यतः पानांत साठवलेलं असतं. शिवाय ही झाडं दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात, त्यामुळे वाफ होऊन जाणारं पाणी थोडंच. पोसलेलं एचेव्हेरिया मातीबाहेर, सावलीत, कोरडं राहिलं तर एक-दोन आठवडे सहज काढतं. थोडं आक्रसतं, मरत नाही.

त्याला मारते ती जखम आणि ओल यांची जोडी. कुंडीतून काढताना, माती झटकताना, धुताना कितीतरी मुळं तुटतात आणि प्रत्येक तुटलेलं टोक ही उघडी जखम असते. हवेत दोन-चार दिवस मिळाले की तिच्यावर खपली धरते. त्याऐवजी त्या ताज्या जखमेला ओलं फडकं लावलं आणि वरून प्लास्टिकनं वारा बंद केला, की जिवाणू आणि बुरशीला अंधार, ऊब आणि पाणी तिन्ही एकदम मिळतात. पाच दिवस त्यांना भरपूर झाले.

टॉवेलच्या कटिंगबद्दल थोडं. सोलापुरात टॉवेलचे तुकडे आणि युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडची कटिंग सहज, कधी फुकटही मिळतात, त्यामुळे भरण म्हणून ती वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. माझं मत स्पष्ट आहे: रोपाला लागून टॉवेल नको. टेरी कापडाचा जन्मच पाणी शोषून धरून ठेवण्यासाठी. ते कागदापेक्षा जड असतं आणि वजनाचे पैसे आपणच भरतो. त्याचे फुगीर धागे निवडुंगाच्या काट्यांत अडकतात. आणि एचेव्हेरियाच्या पानांवरची ती पांढरी भुकटी, जिच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं, ती कापड घासून निघते आणि वाढ पूर्ण झालेल्या पानावर पुन्हा येत नाही. युनिफॉर्मच्या कापडाच्या सपाट कोरड्या चिंध्या पेटीच्या कोपऱ्यांत कोंबायला चालतील, तेही कागद संपला तर.

पैशांची बाजू

वहिनींना दुसरा धक्का बसला होता तो पावतीचा, पण सडलेल्या रोपांच्या नादात त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पेटीचं खरं वजन ओल्या फडक्यांसकट पाऊण किलोच्या आत, आणि पैसे लागले दोन किलोचे.

कुरिअर कंपन्या काट्यावरचं वजन आणि जागेचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. जागेचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायची. वहिनींची पेटी ३० बाय २२ बाय १५ ची. गुणाकार ९९००, म्हणजे १.९८ किलो. आत रोपांपेक्षा हवा जास्त, आणि ती हवा चिपळूणपर्यंत भाड्यानं गेली. वर हीच रिकामी जागा रोपांना आपटायला मोकळं मैदान. पेटी मोठी घेतली की सुरक्षित, हा समज दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे.

दुसऱ्या वेळी तशीच दहा रोपं २२ बाय १४ बाय ८ च्या पेटीत बसली. गुणाकार २४६४, म्हणजे ०.४९ किलो. काट्यावर पेटी-कागदासकट चारशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही हिशेबांनी अर्ध्या किलोच्या आत. दर बदलत राहतात, पण अर्धा किलो हा टप्पा बहुतेक ठिकाणी असतो आणि त्याच्यापुढे एक ग्रॅम गेलं तरी पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. कुंडीसकट पाठवायचं ठरवलं असतं तर तीन इंची कुंडीचं ओल्या मिश्रणासह वजन पाव किलोच्या घरात. दहा कुंड्यांचे अडीच किलो, आणि प्रवासात मिश्रण सांडून पानांच्या बेचक्यांत जाणार ते वेगळंच.

याच टप्प्यातून विक्रीचा एक नियम निघाला. एक रोप पाठवा की दहा, अर्ध्या किलोच्या आत असतील तर पोस्टेज बहुतेक ठिकाणी तेच. वहिनी आधी दोन रोपांचीही ऑर्डर घ्यायच्या आणि पोस्टेज रोपांच्या किमतीइतकं व्हायचं. आता त्या आठ-दहाचा संच विकतात, किंवा गिऱ्हाइकाला सरळ सांगतात की याच पैशांत आणखी चार बसतील. बहुतेक लोक घेतात.

दुसऱ्यांदा

नवीन रोपं काढायच्या आठवडाभर आधी पाणी बंद केलं. हे मुळांसाठी जितकं, तितकंच पानांसाठी. भरपूर पाणी प्यायलेलं पान टणक असतं आणि जरा दाबलं की कट्‌कन मोडतं. किंचित तहानलेलं पान लवचीक असतं. मिश्रण पूर्ण वाळलेलं असल्यामुळे कुंडी उलटी करून थोपटली की ते आपोआप गळून पडलं. उरलेलं जुन्या रंगाच्या ब्रशनं झाडलं. धुतलं नाही. मुळांत पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तरच धुवावं, आणि मग वाळवायला दुप्पट वेळ द्यावा. एका हावर्थियाच्या मुळांत तो सापडलाच, ते रोप बाजूला ठेवून दुसरं घेतलं. तुटकी, पोकळ झालेली मुळं कात्रीनं कापली.

मग वाळवण. एप्रिलमध्ये सोलापुरात तीन दिवस सावलीत ठेवलं तरी पुरतं. जुलैत आपल्याकडे कोकणापेक्षा कितीतरी कमी पाऊस असला तरी हवा दमट असते, म्हणून वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली पाच-सहा दिवस. झालं की नाही हे कळायला एक साधी परीक्षा आहे: रात्री मुळांभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवायचा आणि सकाळी तो चुरगाळून बघायचा. कुरकुरीत वाजला तर तयार, मऊ लागला तर आणखी दोन दिवस. वहिनींना ही परीक्षा इतकी आवडली की त्या आता पापडांवरही ती करतात असं त्यांचे यजमान सांगतात.

गुंडाळताना रोपाला बुडख्याकडून धरायचं, पानांना बोट लावायचं नाही. टिश्यूची पट्टी आधी खालच्या पानांच्या खालून खोडाभोवती फिरवायची, म्हणजे पानांना गादी मिळते. मग खालून वर गुंडाळत पानं हलकेच आत मिटवायची, कमळाची कळी मिटावी तशी. त्यावर वर्तमानपत्राचा एक वेढा, टोकं आत दुमडून कागदी टेपचा तुकडा. रबर बँड नको, तो पाच दिवस सतत आवळत राहतो. निवडुंगाला कागदाचे चार-पाच वेढे आणि जागा पेटीच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याचा काटा शेजाऱ्याला लागत नाही. सेडमची पानं कितीही जपलं तरी गळणारच. ती गोळा करायला एक छोटं कागदी पाकीट आत ठेवलं आणि गिऱ्हाइकाला कळवलं, की ही पानं मातीवर ठेवा, त्यांतूनही रोपं होतात. नावं प्रत्येक गुंडाळीवर बॉलपेननं लिहिली. स्केचपेन दमटपणात पसरतं.

पानांच्या मधे कापूस घालावा की नाही यावर आमचं जमलं नाही. वहिनी घालतात. मला तो नको वाटतो, भुकटीला चिकटतो आणि काढताना गिऱ्हाईक वैतागतं.

पेटी तीन पदरी पुठ्ठ्याची, औषधाच्या दुकानातून आणलेली आणि कापून लहान केलेली. गुंडाळ्या एकमेकींना टेकतील अशा घट्ट रचल्या, फटींत चुरगाळलेला कागद. झाकण लावून कानाजवळ धरून हलवली: आवाज आला तर आणखी कागद. 'ही बाजू वर' असं लिहायला मी विरोध करत नाही, पण पेटी उलटीपालटी होणारच हे धरून भरली तर त्या अक्षरांवर भरवसा ठेवावा लागत नाही.

प्लास्टिक पूर्ण वर्ज्य आहे का? पावसाळ्यात नाही. फक्त ते पेटीच्या बाहेरून असावं. कोकणात पार्सल उतरवताना पाऊस असणारच, म्हणून पूर्ण पेटी प्लास्टिकच्या कुरिअर बॅगेत घातली. आतली रोपं कोरडी असली तर जी थोडी वाफ निघेल ती कागद शोषून घेतो. पत्ता बॅगेवर, पेटीवर आणि आत एका चिठ्ठीवर, पिनकोड आणि फोन नंबरसकट.

पाठवण्याआधी वहिनींच्या हट्टाखातर एक चाचणी झाली. तशीच भरलेली, पण साध्या पिल्लांची एक पेटी यजमानांच्या स्कूटरच्या डिकीत आठवडाभर ठेवली. ते रोज जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जातात. त्या रस्त्यावरचे खड्डे ज्यांनी खाल्लेत त्यांना ही चाचणी पुरेशी कडक होती हे वेगळं सांगायला नको. पेटी उघडली तेव्हा दोन पानं सुटलेली आणि सगळी पिल्लं जरा फिकट, बाकी काही नाही.

खरं पार्सल स्पीड पोस्टानं सोमवारी टाकलं. शुक्रवारी किंवा शनिवारी टाकलं की ते रविवारचा एक दिवस कुठल्यातरी गोदामात काढतं. आषाढी होऊन जायची वाट मुद्दाम बघितली. वारीच्या दिवसांत पंढरपूरकडचे रस्ते वळवलेले असतात आणि आपल्या जिल्ह्यातल्या गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं.

चिपळूणच्या बाजूनं

पार्सल पोचल्यावर ताईंचा फोन आला तो काळजीचा. रोपं सुकलीत, खालची पानं सुरकुतलीत, पाण्यात बुडवून ठेवू का? इथे अर्धी पार्सलं मरतात. पाठवणाऱ्यानं सगळं नीट केलेलं असतं आणि घेणारा पहिल्याच संध्याकाळी मायेनं पाणी पाजतो. आम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं, पण सुरकुतलेलं रोप समोर असताना चिठ्ठी कोण वाचतो! म्हणून आता वहिनी पार्सल निघतानाच व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात: रोपं दमलेली दिसतील, ते ठरवून केलेलं आहे.

ताईंना सांगितलं ते असं. रोपं लगेच उघडा, दोन दिवस पडवीत वाऱ्यावर ठेवा, ऊन आणि पागोळ्या दोन्हींपासून लांब. मग कोरड्या मिश्रणात लावा. सोलापुरात आम्ही जाडी वाळू, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि भाजलेली तूस घेतो. चिपळूणच्या हवेत कोकोपीट निम्म्यानं कमी करून जांभ्याची बारीक खडी वाढवायला सांगितली. लावल्यावर चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी, तेही थोडं. पाच दिवस अंधारात राहिलेल्या पानाला कडक ऊन एकदम दिलं तर ते भाजतं, म्हणून उजेड हळूहळू वाढवायचा.

दहापैकी नऊ रोपांनी दोन-तीन आठवड्यांत नवी मुळं धरली. ग्रॅप्टोपेटॅलमचा तुरा मानेशी मोडला होता. त्याचं खोड लांब आणि ठिसूळ, ते आडवं ठेवताना खाली आधार द्यायला हवा होता. ताईंनी तो तुरा वाळवून कटिंग म्हणून लावला. वहिनींनी त्याचे पैसे परत देऊ केले, ताईंनी घेतले नाहीत आणि उलट नवीन ऑर्डर दिली.

एप्रिल-मेचं काय, हे वहिनींनी अजून पूर्ण ठरवलेलं नाही. पारा चाळीसच्या वर गेला की बंद गाडीत त्याहून जास्त तापतं आणि तेव्हा कोरडं पॅकिंगही नाजूक एचेव्हेरियाला वाचवेलच असं नाही. मी त्या दोन महिन्यांत फक्त निवडुंग आणि अडेनियम पाठवतो, आणि तेही संध्याकाळी, टपालाची थैली निघायच्या जरा आधी काउंटरवर नेऊन देतो. थैली किती वाजता निघते हे खिडकीवर विचारलं की सांगतात.